चार डिस्कच्या भरवशावर घरच्या कॅसेट ठेवू नका

महिन्याभरात एकच मेसेज मला इंदूरच्या तीन मराठी ग्रुपांवरून आला. त्याचं सार असं: घरी मीडिया सर्व्हर (सिनेमे-गाणी ठेवून घरभर पुरवणारा संगणक) करायचा तर ट्रूनास ही साठवणुकीची प्रणाली आणि झेडएफएस ही तिची फाइल सिस्टिमच, विंडोजवर तो चालतच नाही. दर टीबीला एक जीबी रॅम हवी, तीही ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी), नाहीतर डेटा गेलाच समजा. चार सारख्या डिस्क घेऊन रेड करा, म्हणजे त्या एकत्र जोडून चालवा, मग बॅकअपची चिंता मिटली. जुनं मशीन भंगारात द्या. रामबागेतले एक काका हा मेसेज घेऊन सिल्व्हर मॉलमध्ये गेले आणि कोटेशन घेऊन थेट माझ्याकडे आले. त्यांना ठेवायचंय काय? सिनेमे, नातवंडांचे व्हिडिओ आणि घरी टेप केलेल्या गाण्याच्या कॅसेट. एवढ्यासाठी तो आकडा पाहून मला राहवेना.

सगळ्यात घातक वाक्य बॅकअपचं आहे, म्हणून आधी तेच घेतो. रेड ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये, यासाठी ती आहे. माणसाच्या हातून फाइल पुसली गेली तर रेड काहीही करू शकत नाही. हे मी घरी भोगलं आहे. बाबांनी गणेशोत्सवातल्या मैफली टेप केल्या होत्या, ३८ कॅसेट. मी त्या संगणकावर उतरवल्या आणि दोन डिस्कच्या आरशासारख्या जोडीवर, म्हणजे रेड १ वर ठेवल्या. दादाच्या लॅपटॉपवर जागा संपत आली होती. नेटवर्कवरचा फोल्डर त्याला लॅपटॉपवरचाच वाटला आणि त्याने तो पुसला. नेटवर्कवरून पुसलेली फाइल त्याच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. दोन्ही डिस्कवरून फोल्डर एकदमच गेला. तासाभराची कॅसेट उतरवायला तासच लागतो, तो वाचवता येत नाही. मी पुन्हा बसलो, पण मधल्या पावसाळ्यात दोन टेपना बुरशी लागली होती. त्यातल्या एकीत तबला जुळवताना मागून आजी म्हणते, ‘दिवा लाव रे कुणीतरी.’ तो आवाज आता आमच्याकडे नाही.

कुणी म्हणेल, झेडएफएसमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या डेटाची गोठवलेली अवस्था, असतात, पुसलेलं परत आणता येतं. बरोबर आहे, पण मेसेजमध्ये त्या शब्दाचा पत्ताही नाही आणि स्नॅपशॉट आपोआप चालू होत नाहीत, ते लावून ठेवावे लागतात. शिवाय ते त्याच डिस्कवर असतात. विजेचा दणका बसला किंवा चोराने डबाच उचलून नेला, तर तेही गेले. जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि एक घराबाहेर. माझी तिसरी प्रत आता वडोदऱ्याला ताईच्या कपाटात असते. ती दिवाळीला येते तेव्हा डिस्क बदलून नेते.

आता रॅम. टीबीमागे एक जीबी हा घरच्या सिनेमांसाठी नियम नाही. झेडएफएस मोकळी रॅम वाचन वेगवान करायला वापरतं. रॅम कमी असेल तर वेग कमी होतो, डेटा जात नाही. ट्रूनासची स्वतःची किमान अट ८ जीबीची आहे. एकसारखा डेटा शोधून एकदाच ठेवणारी डीड्यूप सोय चालू केली तर मात्र रॅम खरंच खूप लागते, पण सिनेमांच्या संग्रहाला तिचा काही उपयोग नाही. ईसीसी रॅम चांगलीच, परवडली तर घ्या. पण ती नसेल तर झेडएफएस इतर फाइल सिस्टिमपेक्षा जास्त धोक्यात येतं, हे खरं नाही. झेडएफएस घडवणाऱ्यांपैकी मॅथ्यू अहरेन्स यांनीच हे स्पष्ट सांगितलेलं आहे.

चार सारख्या डिस्क एकदम घ्यायच्या, हेही घरच्या हिशेबाला धरून नाही. आपल्याकडे डिस्क एकेक करून येतात, आधी २ टीबी, मग ४, मग कधीतरी ८. झेडएफएसच्या रेड-झेडमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रेड प्रकारात, एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, म्हणजे २०२५ साली आली. आणि एका डिस्कचं संरक्षण ठेवून दोन बंद पडल्या तर अख्खा पूल, म्हणजे सगळ्या डिस्कचा मिळून झालेला साठा, जातो. सिनेमांसाठी मला मर्जरएफएस आणि स्नॅपरेड या दोन प्रोग्रामची जोडी जास्त पटते. मर्जरएफएस निरनिराळ्या मापांच्या डिस्क एका फोल्डरसारख्या दाखवतं, आणि स्नॅपरेड रात्री एका जादा डिस्कवर पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत बांधायचा हिशेब, लिहून ठेवतं. ती डिस्क सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी हवी. प्रत्येक डिस्क सुटी काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी वाचता येते. दोन गेल्या तरी उरलेल्यांवरचं शाबूत राहतं. ज्या फाइल एकदा ठेवल्या की बदलत नाहीत, त्यांनाच हे चालतं. रोज बदलणाऱ्या कामाच्या फाइलींना नाही.

विंडोजवर चालत नाही, हे साफ चूक. जेलीफिन हा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम विंडोजवरही चालतो. अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणून जुन्या मशीनवर मी डेबियन ही लिनक्स प्रणाली किंवा त्यावरच बांधलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट टाकायला सांगतो. ते ब्राउझरमधून हाताळता येतं, काळ्या पडद्यावर कमांड लिहायची फारशी वेळ येत नाही.

राहिलं भंगार. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हर ती फक्त पोहोचवतो. ४के ब्लू-रेचाही वेग जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट असतो. साधी हार्ड डिस्क त्याच्या पाच-सहापट सहज देते. टीव्हीला चालेल अशा रूपात फाइल बदलून द्यायची असेल, तर सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आतल्या ग्राफिक्सवर १०-बिट एचईव्हीसी (४के सिनेमांचा व्हिडिओ आवळण्याची पद्धत) उलगडतो. वेगळं कार्ड नको. जुनं मशीन वीज जास्त खातं, हे मात्र मी मान्य करतो. ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात, १२ वॅटच्या मिनी पीसीला साडेआठ-नऊ. लॅपटॉप लाइट गेली तरी जागा राहतो, पण अडॅप्टरवरची मोठी एक्सटर्नल डिस्क त्याच क्षणी बंद पडते. तेव्हा छोटा यूपीएस घ्याच, आणि लॅपटॉपची बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा.

काकांनी कोटेशन दुकानात परत दिलं. त्यांच्या मुलाचा सातव्या पिढीचा लॅपटॉप माळ्यावर पडून होता, तो खाली काढलाय. त्या पैशातून दोन डिस्क आल्या. एक इथे राहील, दुसरी कॅसेट उतरवून झाल्यावर पुण्याला लेकीकडे जाईल. रविवारी टेप डेक सुरू करायचं ठरलंय. हेड पुसायला कापूस आणि स्पिरिट मी नेणार आहे.