गुळाचा खडा आणि चिपाडाचा धूर

कोल्हापुरात खाण्यापिण्याचे कोणतेही नवे ठिकाण उघडले, की त्याचा निकाल आठवड्याच्या आत लावणे हे येथील नागरिक आपले कर्तव्य मानतात. त्यामुळे ताराबाई पार्कात कॉकटेल बार सुरू झाल्याचे कळताच, ज्यांचा मद्यानुभव क्वार्टर, सोडा आणि चकणा यांच्यापलीकडे कधी गेला नव्हता असे आमचे दाजी परीक्षक म्हणून माझ्याबरोबर येण्यास तत्काळ तयार झाले. दाजींची करवीर तालुक्यात उसाची शेती आहे. हा तपशील पुढे लागणार असल्याने आताच नोंदवून ठेवतो.

दारावरच्या तरुणाने आमच्याकडे वयाचा पुरावा मागितला. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात हे खरे. परंतु नातवंडे झाल्यानंतरही या नियमाखाली आपल्याला कोणी अडवावे, याचा दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी आधार कार्डाबरोबर पॅन कार्डही पुढे केले. वास्तविक १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि त्याची चौकशी व्हायला हवी होती. पण पाटीवरची अक्षरे कितीही सोनेरी असली तरी सरकारदरबारी आपण परमिट रूमच आहोत, हे बहुधा त्या जागेलाच आठवू द्यायचे नसावे.

आत अंधार होता. मोबाइलच्या उजेडात मेनू वाचला तेव्हा तिथे अवघे कोल्हापूर ग्लासात उतरलेले दिसले: गूळ ओल्ड फॅशन्ड, तांबडा मेरी आणि पांढरा पंच, प्रत्येकी ६५० रुपये. दाजींनी या रकमेचे मनातल्या मनात क्वार्टरमध्ये रूपांतर केले आणि उत्तर माझ्यापासून लपवून ठेवले.

ओल्ड फॅशन्ड हा कॉकटेलांमधला बुजुर्ग प्रकार आहे. व्हिस्की, साखर, बिटर्स नावाच्या कडवट अर्काचे चार थेंब आणि संत्र्याच्या सालीचा वास, एवढाच त्याचा संसार. त्यातील अंगोस्तुरा बिटर्स १८२४ मध्ये व्हेनेझुएलात एका लष्करी डॉक्टराने पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून तयार केले होते, ही माहिती मी दिली तेव्हा, ‘‘म्हणजे काढाच की ह्यो,’’ असे म्हणून दाजी निर्धास्त झाले.

ग्लास आला तो काचेच्या घुमटाखाली, धुराने भरून. वेटरने घुमट समारंभपूर्वक उचलला, धुराचा लोट थेट दाजींच्या नाकात गेला आणि ते डोळे पुसत म्हणाले, ‘‘चिपाड जाळलंय काय रे?’’ वेटर आनंदून म्हणाला, ‘‘हो सर, उसाच्या चिपाडाचाच धूर आहे. आमची खासियत.’’ त्यावर दाजींनी त्याला शांतपणे समजावले की गुऱ्हाळावर चुलवाणासमोर बसल्यास हाच धूर रात्रभर मिळतो, आणि वर काकवी फुकट देतात.

खरी तक्रार मात्र धुराखाली होती. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाहू मार्केट यार्डात नुसत्या रंगावरून आणि कणीवरून ढेपेचा भाव ठरविणारी माणसे आजही आहेत. अशा गावात गुळाचा खडा ग्लासाच्या तळाशी अख्खा बसून होता. मद्यात साखर किंवा गूळ सहजी विरघळत नाही. त्यासाठी गरम पाण्यात त्याचा पाक करून ठेवावा लागतो, आणि ही गोष्ट चिक्की करणाऱ्या कोणत्याही बाईला शिकवावी लागत नाही. परिणामी पहिला घोट निव्वळ कडू लागला, मधला पाणचट लागला आणि शेवटच्या घोटाला गुळाचे कण दातांखाली आले. पाणचटपणाचे श्रेय बर्फाला होते. या पेयात एकच मोठा, घट्ट खडा घालतात, कारण तेवढ्याच वजनाच्या बारीक तुकड्यांपेक्षा त्याचा कमी पृष्ठभाग उघडा राहतो आणि तो सावकाश विरघळतो. आमच्या वाट्याला मशीनमधले पोकळ तुकडे आले, आणि व्हिस्कीची चव कळेपर्यंत ते नामशेषही झाले.

तांबडा मेरी म्हणजे टोमॅटोच्या रसातल्या ब्लडी मेरी या कॉकटेलचा कोल्हापुरी अवतार. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. टोमॅटोच्या रसात कांदा-लसूण चटणी इतक्या संकोचाने घातली होती, की ती रागावून निघून गेल्यासारखी वाटत होती. कारण विचारता, ‘‘बाहेरच्या पाहुण्यांना झेपत नाही,’’ असे उत्तर मिळाले. भोवतालच्या टेबलांवर मला मंगळवार पेठ आणि शाहूपुरी यांच्याबाहेरचे कोणी दिसले नाही.

पांढरा पंच हा प्रकार मोठ्या कष्टाचा, आणि म्हणूनच माझी सगळी आशा त्याच्यावर होती. मद्य आणि लिंबाचा रस दुधात ओतून दूध मुद्दाम फाडायचे, आणि चोथ्यासह ते मिश्रण फडक्यातून थेंबथेंब गाळत राहायचे. फाटलेल्या दुधातले केसिन हे प्रथिन मद्याचा तुरटपणा आणि रंग धरून ठेवते, त्यामुळे खाली नितळ आणि जिभेला रेशमी लागणारे पेय उतरते. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ मध्ये आपल्या मित्राला याची कृती पत्रातून कळविली होती. दाजींना फ्रँकलिनचे काही वाटले नाही. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देणाऱ्या गावात चांगले दूध जाणूनबुजून नासवतात, हेच त्यांना सहन होईना. मी त्यांना धीर धरण्यास सांगितले. पण ग्लास आला तो गढूळ. रात्रभराचे गाळणे तासाभरात उरकलेले स्पष्ट दिसत होते, आणि दाजींनी माझ्याकडे पाहिले ते पाहणे मी विसरणार नाही.

अखेरीस काउंटरमागच्या पोराला मी मेनूबाहेरची एक साधी नेग्रोनी करायला सांगितली. जिन, कँपारी हे कडवट लाल मद्य आणि व्हर्मूथ ही वनस्पतींच्या स्वादाची गोड वाइन प्रत्येकी ३० मिली त्याने मापाने ओतले, न बोलता नेटाने ढवळले आणि खालच्या कप्प्यातून एक मोठा स्वच्छ बर्फाचा खडा काढला. नेग्रोनी उत्तम होती. हा बर्फ आधी कुठे होता असे विचारल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘मालक म्हणतात, धूर असला की बर्फाकडं कोण बघतंय?’’

बिलाबरोबर अभिप्रायाचा कागद आला. तारे रंगविण्याच्या भानगडीत न पडता दाजींनी सूचनांच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘‘गूळ पाक करून घालावा. दूध नासवू नये. चिपाड लागल्यास कळवावे, ट्रॉली भरून पाठवितो.’’ खाली त्यांनी दरही लिहिला होता, आणि तो एका ग्लासाहून कमी होता.