लेस्टरची गरिबी आणि माळ्यावर टाकलेले 90 लाख पौंड

दर वर्षी मे महिना आला की एक मेसेज हमखास फिरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदाही आला, जोडलेल्या हातांच्या तीन इमोजींसकट. मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या लेस्टर नावाच्या गरीब क्लबने 2015-16 साली प्रीमियर लीग, म्हणजे तिथली फुटबॉलची सर्वोच्च श्रेणी जिंकली. संघात कारखान्यातला एक मजूर, बाकीची कोणी न विचारलेली पोरं, आणि सगळीकडून हाकललेला एक म्हातारा मॅनेजर. बुकींनी भाव लावला होता 5000 ला 1. खिशात दमडी नसताना नुसत्या जिद्दीवर या पोरांनी अब्जाधीशांना धूळ चारली. मग शेवटी ठळक अक्षरांत, ‘पैसा लागत नाही, इच्छाशक्ती लागते!’

तो मोसम मी रात्री जागून पाहिलाय. 2 मेला लेस्टरला गाठू शकणारं टॉटनहॅम चेल्सीशी बरोबरीत अडकलं आणि लेस्टर विजेते ठरले, तेव्हा आपल्याकडे 3 तारीख उजाडून रात्रीचे दोन वाजून गेले होते. चेल्सीच्या एडन हॅझार्डच्या बरोबरीच्या गोलला मी इतका ओरडलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली. तेव्हा मला त्या विजयाचं कौतुक नाही, असं कृपया कोणी म्हणू नये. कौतुक आहे म्हणूनच हा मेसेज खटकतो.

आधी ‘गरीब क्लब’ घेऊ, कारण सगळा डोलारा याच शब्दावर उभा आहे.

लेस्टर सिटी 2010 मध्ये विकत घेतला विचय श्रीवद्धनप्रभा यांनी. थायलंडच्या विमानतळांवर ड्यूटी फ्री दुकानं चालवणाऱ्या किंग पॉवर कंपनीचे मालक, म्हणजे स्वतःच अब्जाधीश. क्लबवरचं दहा कोटी पौंडांहून जास्त कर्ज त्यांनी भागभांडवलात फिरवून टाकलं. 2013-14 मध्ये लेस्टरने दुसऱ्या श्रेणीत 102 गुण काढून बढती मिळवली, त्या मोसमातल्या खर्चावरून खालच्या श्रेणी चालवणाऱ्या फुटबॉल लीगशी वाद झाला आणि पुढे 2018 मध्ये 31 लाख पौंड भरून तो मिटवला. कमी खर्च केला म्हणून असा वाद होत नसतो. विजेतेपदाच्या आदल्या मोसमात तर कमाईच्या हिशेबाने हा क्लब जगात 24वा होता. मँचेस्टर युनायटेडची कमाई त्यांच्या जवळपास चौपट, हे खरंच. पण गल्लीतल्या मुकेश अंबानीपेक्षा गरीब असणं वेगळं आणि गरीब असणं वेगळं.

यावर मेसेजवाले एक आकडा पुढे करतात आणि तो बरोबर आहे. लेस्टरचे नेहमीचे अकरा जण मिळून सुमारे सव्वादोन कोटी पौंडांचे. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने एकट्या रहीम स्टर्लिंगसाठी याच्या दुपटीच्या आसपास मोजले. वाचायला झकास वाटतं. फक्त हा हिशेब जमलेल्या खरेदीचा आहे. फसलेल्या खरेदीचं काय? आंद्रेय क्रामारिच हा क्रोएशियाचा आघाडीवीर जानेवारी 2015 मध्ये साधारण 90 लाख पौंडांना आणला, क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वात महाग खरेदी. त्या अजरामर मोसमात तो लीगमध्ये दोन सामने खेळला आणि जानेवारीत उसना म्हणून जर्मनीत होफनहाइमला गेला. (तिथे मात्र त्याने गोलांचा रतीब घातला.) स्वित्झर्लंडचं कप्तानपद केलेला गोखान इनलर नापोलीहून आला, तो खेळला पाच सामने. ज्या घरात 90 लाखांची वस्तू माळ्यावर टाकून देता येते आणि महिन्याचा खर्च अडत नाही, त्या घराला आपण गरीब म्हणत नाही.

‘कारखान्यातला मजूर.’ जेमी वार्डीने वैद्यकीय स्प्लिंट बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं, स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळला, हे अगदी खरं. पण मेसेज वाचून वाटतं की शुक्रवारी पाळी संपवून गडी शनिवारी थेट प्रीमियर लीगमध्ये उतरला. लेस्टरने त्याला 2012 मध्ये फ्लीटवूडकडून 10 लाख पौंड देऊन घेतलं. पहिल्या चार श्रेणींबाहेरच्या क्लबमधल्या खेळाडूसाठी तोवर कोणी इतकी रक्कम मोजली नव्हती. पहिल्या मोसमात त्याने लीगमध्ये जेमतेम चार गोल केले. क्लबने धीर धरला. आणि ज्या मोसमात त्याने सलग 11 सामन्यांत गोल केले, त्याच्या आधीच, जून 2015 मध्ये, तो इंग्लंडकडून खेळला होता.

‘कोणी न विचारलेली पोरं’ यातली मेख अशी, की लेस्टरने विचारलं होतं. क्लबसाठी खेळाडू हेरणारे स्टीव्ह वॉल्श आणि त्यांची माणसं फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतले सामने बघत बसायची. रियाद महरेझ त्यांना ल आव्रमध्ये सापडला, तोही दुसऱ्याच खेळाडूला बघायला गेले असताना, आणि पाच लाख पौंडांच्या आत मिळाला. एन्गोलो कांते फ्रान्समधल्याच काँ क्लबकडून आला. त्याच्यासाठी वॉल्श मॅनेजर रानिएरींच्या कानाशी सारखी भुणभुण लावून होते. याला पारख म्हणतात, आणि पारख करणाऱ्यांना पगार द्यावा लागतो.

आता मॅनेजर. क्लॉडिओ रानिएरींना ग्रीसच्या राष्ट्रीय संघाने काढलं होतं, चिमुकल्या फेरो बेटांकडून हरल्यावर, त्यामुळे गाठीशी नामुष्की होतीच. पण या ‘म्हाताऱ्या’ने चेल्सी, रोमा आणि मोनाको अशा तीन क्लबांना आपापल्या लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आणलेलं होतं. लेस्टरला त्यांनी काय केलं, ते जिद्दीच्या गोष्टीत कुठेच येत नाही. पहिल्या नऊ सामन्यांत लेस्टरने 17 गोल खाल्ले. आर्सेनलने घरी येऊन 5-2 असं धुतलं, तेव्हा रानिएरींनी बचावफळीच्या दोन्ही कडा बदलल्या: डी लाएट आणि श्लुप बाहेर, डॅनी सिम्पसन आणि क्रिस्टियन फुक्स आत. पुढे धावणारे गेले, जागा धरून बसणारे आले. एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा, असं आमिषही दाखवलं. 24 ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवल्यावर पोरं पिझ्झेरियात गेली, तर तिथे कणकेचे गोळे समोर: स्वतः थापा, स्वतः भाजा! त्या दिवसापासून उरलेल्या 29 सामन्यांत त्यांनी खाल्लेले गोल किती? 19. मार्च-एप्रिलमध्ये तर लागोपाठ चार सामने 1-0. बघायला कंटाळवाणे, गुणतक्त्यात सोन्यासारखे.

5000 ला 1 या भावाबद्दल दोनच वाक्यं. तो शब्दशः घ्यायचा तर सिंधू संस्कृतीपासून दर वर्षी ही लीग खेळवली असती तरी लेस्टर एकदाच जिंकले असते, आणि इकडे नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1978 मध्ये बढती मिळाल्याच्या पहिल्याच मोसमात इंग्लंडचे विजेते झाले होते. ज्या भावावर फारसं कोणी पैसे लावत नाही, तो बुकी डोळे मिटून लिहितो.

माझा पुतण्या उलट्या टोकाचा. त्याचं म्हणणं, बाकीचे झोपले म्हणून हे जिंकले. यात तथ्य आहे. चेल्सी दहावे आले, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलचे गुण फक्त 71. पण लेस्टरचे 81 होते, 38 पैकी हरले तीन. युनायटेड 1997 मध्ये 75 गुणांवर, 1999 मध्ये 79 वर आणि 2011 मध्ये 80 वर विजेते झाले, तेव्हा कोणी झोपेचा विषय काढला नाही. नशिबाचा वाटा शोधायचाच तर तो टळलेल्या दुखापतींत शोधावा. युरोपातल्या स्पर्धांत खेळायचं नव्हतं, इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या दोन्ही चषकांतून लवकर बाहेर, म्हणजे वर्षभरात एकूण 43 सामने. संघातले नऊ जण लीगचे 35 किंवा त्याहून जास्त सामने खेळले, आणि कप्तान वेस मॉर्गन तर प्रत्येक मिनिट मैदानावर होता. हे पुन्हा जुळवून आणणं अवघड. पुढच्या मोसमात कांते चेल्सीला गेला, लेस्टर घसरले आणि फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरींची नोकरीही गेली.

मेसेजचा आणखी एक अवतार आहे. त्यात मार्च 2015 मध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरलेल्या राजा तिसऱ्या रिचर्डच्या आशीर्वादाला श्रेय दिलंय. तो मी सोडून देतो. राजाने कोणाला पास दिला, ते सापडलं की बोलू.

आणि हो, मेसेजसोबतचा फोटो. त्यात मॉर्गन आणि गोलरक्षक कास्पर श्मायकेल मिळून एक करंडक उचलताहेत. दोन्ही बाजूंना कान असलेला तो चंदेरी करंडक एफए कपचा, म्हणजे त्या बाद पद्धतीच्या चषकांपैकी एकाचा आहे, 2021 चा. प्रीमियर लीगच्या करंडकावर सोनेरी मुकुट असतो.