नुसता रस्सा तर घे की!

कोल्हापुरात मटण सोडायचं असेल तर देवाची चिठ्ठी लागते. नुसतं ‘मला खायचं नाही’ एवढ्यावर भागत नाही. सोमवार आहे, संकष्टी आहे, श्रावण आहे, नवस बोललाय, असलं काहीतरी पाहिजे. मग बघा, सगळे कसे समजूतदार होतात. पण भर पंगतीत धडधाकट माणूस ‘मी खात नाही’ म्हणाला, की वाढणाऱ्याचा हात तिथंच थांबतो आणि चौकशी बसते. ‘का रं, पोट बिघडलंय?’ नाही. ‘देवाचं काय हाय?’ नाही. ‘कुणा बुवाच्या नादाला लागलायस काय?’ नाही ओ. ‘मग झालंय काय तुला?’

काही झालेलं नाही. मला वशाट नको वाटायला लागलं, मी सोडलं. माझ्यापुरता विषय संपला. पाहुण्यांचा अजून चालूच आहे.

आणि प्रसंग काय थोडे आहेत? आषाढात टेंबलाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी वाहायचं, गल्लीत पी-ढबाक वाजायला लागलं की पातेली चढलीच. नवरात्रात खंडेनवमी. गावची म्हाई, म्हणजे गावदेवाच्या नावानं मटणाची पंगत. कुणाच्या तरी पोराचं जावळ. लग्नाचं जेवण तेवढं मसालेभात-जिलेबीचं, तिथं मी सुखानं जेवतो, तर पाठोपाठ देवदेव आणि यात्रेचं जेवण हजर. ज्या गावानं २०१९ साली मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन उभारलं (आणि बरोबरच केलं, माझा त्याला पाठिंबा होता), त्या गावात माझ्यासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

परवाच्या म्हाईचं सांगतो, म्हणजे माझं डोकं का सटकलंय ते कळेल. मामाच्या घरी सोप्यात पंगत. माझ्या शेजारी थोरले आण्णा, म्हणजे आईचे चुलते. आण्णा माळकरी, पंढरीची वारी करतात. त्यांच्यासाठी मागल्या अंगाला वेगळी चूल, घासून घेतलेली भांडी, आणि मामी स्वतः वाढायला. ‘आण्णांच्या ताटाकडं ती पळी आणू नगासा हां!’ असा दम सगळ्या वाढप्यांना आधीच देऊन झालेला. चांगलं आहे, असंच पाहिजे. आता त्याच पंगतीत हातभर अंतरावर मी. मामेभाऊ तांबड्या रश्श्याची बादली घेऊन आला, पलीकडच्याला दोन पळ्या रस्सा ओतला, आणि तीच पळी आमटीच्या भांड्यात बुडवून माझ्या वाटीत रिकामी केली. पिवळ्या आमटीवर तांबडा तवंग गोल गोल फिरायला लागला. मी म्हटलं, ‘अरे, पळी!’ तर म्हणतो, ‘काय होतंय भावा, तेवढ्यानं काय मरतोयस काय? उलट चव येईल.’

आण्णांच्या वाटीत असं झालं असतं तर त्या पोराला मामानं अंगणात उभं केलं असतं. माझ्या वेळी सगळी पंगत हसली.

सगळ्यात डोक्यात जाणारं वाक्य म्हणजे ‘तुकडा नगं, नुसता रस्सा तर घे की!’ अहो, रस्सा म्हणजे काय पावसाचं पाणी आहे का? मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं, त्याचं जे पाणी उतरतं ती अळणी. तीच अळणी तांबड्यात जाते, तीच पांढऱ्यात जाते. पांढरा दिसायला दुधासारखा असला म्हणून तो सात्त्विक होत नाही. हे मला आत्याला दर वेळी नव्यानं समजवावं लागतं. तिनं उभ्या आयुष्यात हजारभर वेळा पांढरा रस्सा केला असेल. ‘त्यात मटण कुठं दिसतंय तुला? थांब, मी चाळणीनं गाळून देतो!’ गाळून! आणि नको म्हटलं की तिचा चेहरा पडतो, ‘आत्याच्या हातचं नको झालं आता तुला, मोठा झालास’ असं डोळ्यांत पाणी आणून म्हणते, आणि मीच गुन्हेगार. मग कुणीतरी तडजोडीला येतो, ‘बरं, कोंबडी तर चालंल?’ त्याच्याही पलीकडचा एक असतो, तो उकडलेलं अंडं आणून ठेवतो. परस्पर.

पंगत उठली की पानाच्या तबकाभोवती माझ्यावर परिषद भरते. ताकद कुठनं येणार, प्रोटीन कुठनं मिळणार, लग्नाला पोरगी कोण देणार. एक चुलतभाऊ मास्तर आहे, तो झाडालाही जीव असतो म्हणून सांगतो. जगदीशचंद्र बोस आमच्या घरात फक्त मटण जिरवायला आठवतात, एरवी त्यांचं नाव नाही. ‘पैलवानांच्या गावात जन्मून गवत खातोयस’ हे तर ठरलेलंच. आता ताकदीचंच म्हणाल तर शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात जैन शेतकरी पिढ्यान् पिढ्या शाकाहारी आहेत. रात्री-अपरात्री उसाला पाणी पाजतात, ढेकळं तुडवतात. गडहिंग्लजकडं लिंगायत घरं बघा. त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या अंगात बळ कुठनं येतं. हे मी मामाला बोललो तर मामा काय म्हणाला? ‘ते जैन हाईत. तू कोण?’

तेच तर दुखणं आहे. जातीनं सोडलेलं चालतं, देवानं सोडवलेलं चालतं, डॉक्टरनं बंद केलेलंही चालतं. माझं मी सोडलं की ते खूळ. हाच मामा शनिवार पाळतो. शनिवारी त्याच्यासमोर कुणी नुसतं आमलेटाचं नाव काढून बघावं!

बरं, करायला येत नाही म्हणावं तर तसंही नाही. श्रावणात हीच मामी काय काय करते! भरल्या वांग्यात दाण्याचा कूट आणि तीळ, आख्खा मसूर असा की भाकरी पुरत नाही, पुरणपोळी आणि कटाची आमटी, तव्यावर रगडलेला खर्डा, दही. महिनाभर कुणाचं काही अडत नाही, मास्तरसुद्धा बोटं चाटतो. आणि म्हाईला माझ्यासाठी काय? बिनफोडणीचा उकडलेला बटाटा. मसाला सगळा मटणाला लागला म्हणे. गेल्या वेळी जरा प्रगती झाली, हॉटेलातनं ‘व्हेज कोल्हापुरी’ मागवलं. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात ही भाजी कुणी केलेली मी बघितलेली नाही, पण मला घरात बसवून पार्सलमधनं खायला घातली.

अहो, आपल्या जेवणाची निम्मी करामत चटणीत आहे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, धणे, तीळ, सुकं खोबरं भाजून, कांदा-लसूण घालून डंकावर कुटून आणलेली ती वर्षाची चटणी. त्यात कुठं बोकड आहे? पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, वर लवंग-दालचिनीची फोडणी. बोकड फक्त अळणीत. तेव्हा अळणी ओतायच्या आधी एक तांब्याभर वाटण बाजूला काढा, त्यात गरम पाणी घाला, मसूर नाहीतर फ्लॉवर सोडा. दहा मिनिटांचं काम. दोनशे माणसांचं जेवण एका दमात उठवणाऱ्या घराला हे जड आहे? जड नाही. करायचं नाही, कारण केलं तर पोरगं खरंच सुधारणार नाही, अशी भीती आहे.

म्हणून या खेपेला मी गप्प बसलो नाही. खंडेनवमीचं आमंत्रण आलं तसा मामीला फोन केला. म्हटलं, मामी, येतो, पण वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि श्रावणात करतेस तसा आख्खा मसूर. एवढं जमणार असेल तरच येतो, नाहीतर राग मानू नको. मामी सगळं शांतपणानं ऐकून घेतली. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

‘करतो की, त्यात काय एवढं,’ म्हणाली. ‘मसुऱ्यात एक नळी तेवढी टाकू का? चवीला.’