एक्केचाळिसावा स्वेटर

मुलांच्या हिवाळी शिबिराच्या जाहिरातीत ‘गुलाबी थंडी’ हे शब्द हमखास असतात. ते लिहिणारा माणूस डिसेंबरात सकाळी सात वाजता लोहगडाच्या पायथ्याच्या मळवली स्टेशनच्या फलाटावर चाळीस पोरांची हजेरी घ्यायला कधी उभा राहिलेला नसतो. तिथली थंडी गुलाबी नसते, निळी असते आणि ओठांवर दिसते. रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात उतरते, त्यामुळे पहाटे पायथाच गडापेक्षा जास्त गारठलेला असतो. पालकांचा हिशेब मात्र उलटा. खाली एवढं गार, तर वर लोहगडावर बर्फच असणार! मग पोराला बनियन, शर्ट, स्वेटर, जॅकेट, मफलर आणि कानटोपी अशा क्रमाने गुंडाळून लोकलमध्ये चढवलं जातं. “अहो दादा, काही झालं तरी त्याला टोपी काढू देऊ नका हं,” ही सूचना आम्हा दादा-तायांना पुणे स्टेशनावर किमान बारा वेळा मिळते.

साडेनऊच्या सुमारास भाजे गावाच्या वरच्या चढावर ऊन येतं आणि शिबिराचा खरा विषय सुरू होतो.

पहिला स्वेटर निघाला की पाच मिनिटांत चाळीस निघतात. सॅकमध्ये तो मावत नाही, कारण तिथे आईने ‘असू दे’ म्हणून दिलेला दुसरा असतो. कमरेला बांधला तर बाह्या पायात येतात. गळ्यात घेतला तर घाम येतो. शेवटी, “दादा, जरा धरता का?” शेजारचा विसापूर किल्ला डावीकडे आणि लोहगड उजवीकडे सोडणाऱ्या गायमुख खिंडीत पोचेपर्यंत प्रत्येक दादाचं खुंटाळं झालेलं असतं. यावर इलाज एकच: दर आठ मुलांमागे एक रिकामं पोतं. पिशवी नको, तिचे बंद तुटतात. कॉलरच्या आत नाव आदल्या दिवशीच लिहून घ्यावं. ‘माझा निळा आहे’ ही ओळख पुरत नाही, कारण पंचवीस निळे असतात. पोती गडाखालच्या लोहगडवाडीत जेवणाची सोय केलेल्या घरी ठेवावीत आणि वर फक्त एकेक पातळ विंडचीटर न्यावा. विंचूकडा म्हणजे गडाची साधारण दीड किलोमीटर लांब सोंड, तिच्यावर वारा दोन्ही बाजूंनी येतो, तिथे तो लागतो.

कानटोपीचा खरा उपयोग पालकांच्या डोक्यात नसतोच. आग्या माशा उग्र वासाने, धुराने आणि आरडाओरड्याने बिथरतात, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगे मंडळी शिबिराला येताना सेंटची अर्धी बाटली अंगावर रिकामी करून येतात. सूचनापत्रात ‘सेंट, डिओ बंद’ हे ओळीच्या खाली रेघ मारून लिहिलं, तरी दोघं जण दरवळतातच. माशा आल्या तर हात झटकायचे नाहीत. टोपी, मफलर, असेल ते डोक्या-तोंडावर घ्यायचं आणि पोळ्यापासून लांब व्हायचं. आईचा विजय होतो, पण तिने मानलेल्या कारणाने नाही.

दुसरा घोटाळा पाण्याचा. थंडीत तहान कळत नाही. दोन लिटर पाणी पाठीवर गडावर जातं आणि तेवढंच परत येतं, फक्त पोराचं डोकं दुपारी ठणकायला लागतं. दर अर्ध्या तासाला शिटी वाजवावी, प्रत्येकाने चार घोट प्यावेत, आणि ते गळ्याखाली उतरताना बघावेत. बाटली तोंडाला लावून मान वर करणं म्हणजे पिणं नव्हे. या अभिनयात मुलं तरबेज असतात.

पोह्यांविषयी सविस्तर बोललंच पाहिजे. चाळीस मुलं आणि सहा मोठे मिळून साडेतीन किलो जाड पोहे, दोन किलो कांदा, अर्धा किलो शेंगदाणे. इथवर गणित सोपं. चूक होते ती पातेलं गार फरशीवर उतरवून ठेवण्यात. खालून फरशी आणि वरून वारा उष्णता ओढून घेतात, आणि शेवटच्या रांगेला पोहे नव्हे, वड्या मिळतात. पातेलं पेंढ्यावर ठेवावं, झाकण काढू नये, आणि तरी घट्ट झालेच तर कोमट पाण्याचा हबका मारून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ आणावी. गार पाणी मारलं तर बाहेर चिखल आणि आत खडे.

लोहगड १६६५च्या पुरंदरच्या तहात गेला आणि १६७० मध्ये परत आला, एवढा इतिहास महादरवाजात सात मिनिटांत सांगून होतो. आठव्या मिनिटाला पहिला डबा उघडतो. गड संरक्षित स्मारक आहे, तिथे चूल नाही आणि तटबंदीला दोर बांधणं तर नाहीच. दोराचे खेळ खाली उतरून, मालकाला विचारून, पंचवीस-तीस फुटांच्या कातळावर.

तिथेही स्वेटर आडवा येतोच. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कातळ उतरताना, दोर ‘एट’मधून (इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीतून) सरकतो, आणि त्याच्याबरोबर हुडीची नाडी, मफलरचं टोक किंवा मोकळी वेणी आत ओढली जाते. पोरगं अर्ध्या कातळावर अडकतं आणि वजन दोरावर असल्याने नाडी सुटत नाही. म्हणून केस बांधून हेल्मेटखाली, नाड्या आत, मफलर जप्त. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू दोन जणांनी बघायचा आणि सुरक्षेचा दुसरा दोर वेगळ्या अँकरला, म्हणजे दोर बांधायच्या वेगळ्या आधाराला. मुलांना सांगायचं ते एवढंच: मागे रेल, पाय खांद्याएवढे फाकव, तळवे कातळाला सपाट. ती नेमकी उलटं करतात, कातळाला मिठी मारतात, आणि मग पाय सटकतात. वीस-बावीस किलोच्या चिमुरड्यांची अडचण तर अगदीच निराळी. घर्षणापुढे त्यांचं वजन पुरत नाही, आणि ती हवेत लटकून शांतपणे विचारतात, “ताई, जेवण कधी आहे?” मग वरून दोर हाताने सोडत सोडत त्यांना विहिरीतल्या घागरीसारखं उतरवावं लागतं.

उतरायला चारच्या आत लागावं. डिसेंबरात सहाला अंधारायला लागतं, आणि वाळलेल्या गवताखालच्या घसाऱ्यावर दमलेले पाय घसरतात. डोकी मोजताना ‘एक, दोन’ म्हणवून घेऊ नये, मित्रासाठी दोनदा ओरडणारा एक असतोच. हात लावून मोजावं.

मग फलाटावर पोती उलटी करायची. चाळीस मुलं, चाळीस स्वेटर, आणि शिल्लक एक. तो कुणाचाच नसतो. ज्याचा असतो तोही तो नाकारतो, कारण घामेजलेला, काटेरी गवताने भरलेला स्वेटर त्याच्या ओळखीचा उरलेला नसतो. दोन दिवस पालकांना फोटो पाठवून बघायचे, मग धुऊन सामानाच्या पेटीत टाकायचा. पुढच्या शिबिरात पोह्यांच्या पातेल्याला तो अगदी मापात बसतो, आणि बाह्या मागे गाठ मारायला कामी येतात.