पाच मिनिटांचं काम

कॉम्प्युटरला वायरीशिवाय इंटरनेट देणारं वायफाय कार्ड बसवायला पाच मिनिटं लागतात, ही माहिती खोक्यावर कुठेही छापलेली नसते. ती दुकानदार तोंडी देतो. लेखी दिली असती तर ग्राहक आयोगात जाता आलं असतं.

आमच्याकडे हा विषय निघाला तो गणपतीमुळे. राउटर हॉलमध्ये, दाराच्या वर. कारण फायबर टाकायला आलेल्या मुलाची वायर तिथवरच पुरली, आणि 'काका, इथंच रेंज भारी येते' असं म्हणत त्याने ड्रिल चालवूनही टाकलं. कॉम्प्युटर आईच्या खोलीत. कारण तो हॉलमध्ये ठेवला तर मुलगा अभ्यास करत नाही आणि आमच्या खोलीत ठेवला तर मी झोपत नाही, असा बायकोचा निकाल आहे. या दोन टोकांना जोडणारी एक पिवळी लॅन केबल भिंतीच्या कडेकडेने, शोकेसच्या मागून आणि आईच्या दाराच्या फटीतून गेली होती. तिच्या टोकाच्या प्लगची प्लॅस्टिकची जिभली पहिल्याच वर्षी तुटली, त्यामुळे तो पोर्टमध्ये नुसता टेकून असायचा. मावशी सकाळी साडेदहाला केर काढायला यायच्या. माझी ऑफिसची मीटिंगही साडेदहालाच. झाडू शोकेसमागे गेला की मी मीटिंगमधून बाहेर. "दादा, तुमचं ते परत निघालं का?" असं मावशी आपुलकीने विचारायच्या, आणि मी टेबलाखाली शिरायचो.

हे सगळं चाललं होतं. पण श्रावण लागला आणि बायको हॉलच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, मखर इथं बसतं. गणपतीच्या आत ही वायर गेली पाहिजे."

तेव्हा डोंबिवलीहून निघालो, दादरला लाइन बदलली, ग्रँट रोडला उतरलो आणि कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "डोंगल की कार्ड?"

डोंगल म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. यूएसबीत खुपसला की झालं. शहाण्या माणसाने तोच घ्यावा. पण कार्डाच्या खोक्यावर दोन काळ्याभोर अँटेना होत्या आणि '1200' असा आकडा होता, आणि मी दोन तास लोकलमध्ये उभा राहून अंगठ्याएवढी वस्तू घेऊन परत जाणार नव्हतो. (1200 चा हिशोब नंतर कळला. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सेकंदाला 300 मेगाबिट, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर 867, आणि बेरीज 1167 म्हणून गोळाबेरीज 1200. कार्ड एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतं, त्यामुळे हा बेरजेचा वेग त्याला कधीच मिळत नाही. आणि जे 867 उरतात तेही कागदावर.)

"साहेब, कार्ड मजबूत. एकदा आत बसलं की विसरून जा," गृहस्थ म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

रविवारी सकाळी कॅबिनेट ओढून बाहेर काढलं. आई त्याला सीपीयू म्हणते, मुलगा पीसी म्हणतो आणि मावशी डबा म्हणतात. बाजूचा पत्रा काढला तेव्हा मावशी बरोबर आहेत असं वाटलं. आत धुळीचा एक अखंड, राखाडी, लोकरी थर होता. पंख्याच्या पात्यांवर तर तो इतका एकजीव झाला होता की पंखा आणि धूळ यांतलं कोण कोणाला फिरवतंय हे सांगणं कठीण. तळाशी पालीची दोन अंडी होती. ती पाहून बायकोने खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं, आणि पुढची सगळी चर्चा दारामागून झाली.

इंटरनेटवरच्या व्हिडिओत एक गोरा मुलगा मनगटाला पट्टा बांधून सांगत होता की अंगातल्या स्थिर विजेने कार्ड जळू शकतं. त्याचं खरं आहे, पण ते कोरड्या हवेत. ऑगस्टमधल्या डोंबिवलीत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरही बुरशी येते. तिथे अंगावर वीज साठायला थारा कुठला? तरी मी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घेतला. तेवढा भाविकपणा असू द्यावा.

कार्डाला लागणारी खाच म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस एक्स-वन. जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. ती ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली होती. ग्राफिक्स कार्ड मुलाने वाढदिवसाला मागून घेतलेलं, त्यामुळे त्याला हात लावण्याआधी मुलाला उठवणं आलं. तो डोळे चोळत आला, ग्राफिक्स कार्ड वरच्या खाचेत आहे की नाही हे बघून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, खाली अजून एक स्लॉट आहे." होता खरा. धुळीखाली.

आता मागची पत्र्याची पट्टी काढायची, म्हणजे अँटेनाची टोकं बाहेर येतील. चांगल्या कॅबिनेटमध्ये ती एका स्क्रूवर असते. आमच्या कॅबिनेटमध्ये ती मूळ पत्र्यातूनच अर्धवट कापून ठेवलेली होती. पुढे-मागे वाकवत राहायचं, कंटाळून ती तुटते. तुटताना ती बोट कापते, हा तिचा शेवटचा हक्क. कार्ड खाचेत दाबलं, 'टक्' झालं, समाधान वाटलं आणि ते जागेवर धरणारा स्क्रू हातातून सुटला.

कॅबिनेटमध्ये पडलेला स्क्रू कधी तळाशी जात नाही. तो जातो मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीच्या, पाठीमागे. तिथे त्याला तसाच सोडून वीज लावली तर बोर्ड जाण्याची शक्यता, त्यामुळे सोडताही येत नाही. मग मी आणि मुलगा, दोघांनी ते अख्खं धूड उचलून, कलतं करून हलवायला सुरुवात केली. आतून खळखळ यायची, स्क्रू यायचा नाही. दारामागून बायको म्हणाली, "काय फुटलं?" काही फुटलं नव्हतं. अखेरीस स्क्रू पडला, त्याच्याबरोबर एक जुना स्क्रूही पडला, जो आम्ही कधी टाकलाच नव्हता. कॅबिनेट विकत घेतलं तेव्हापासून तो आत मुक्कामाला असणार.

कार्ड बसलं. अँटेना पिळल्या. कॉम्प्युटर सुरू केला. विंडोजला आत कोणीतरी आलंय एवढं कळलं, पण कोण ते कळेना. यादीत एक पिवळं उद्गारचिन्ह लावून ते मोकळं झालं. ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे कार्डाची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्राम. ड्रायव्हर खोक्यातल्या छोट्याशा सीडीवर होता. सीडी ड्राइव्ह आमच्या कॉम्प्युटरला नाही. समोरच्या काकांच्या कॉम्प्युटरला आहे, पण काका सीडी ड्राइव्हचा ट्रे उघडून त्यावर चष्मा ठेवतात, आणि त्यातला वाचणारा भाग गेल्याचं त्यांनीच सांगितलं. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर फुकट मिळतो. म्हणजे इंटरनेट सुरू करणारी गोष्ट इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. पिवळी केबल तर मी सकाळीच उत्साहात गुंडाळून माळ्यावर टाकली होती, आणि माळ्यावर गणपतीच्या सामानापुढे आता बायकोची शिडी लागली होती.

"फोन लावू या ना," मुलगा म्हणाला. चार्जिंगची वायर फोनला आणि कॉम्प्युटरला जोडून फोनचं इंटरनेट त्यात उतरवता येतं. यूएसबी टेदरिंग. कॉम्प्युटर फोनला नेटवर्क कार्डच समजतो आणि त्यासाठी वेगळा ड्रायव्हर मागत नाही. इतकी सुटसुटीत सोय मी आयुष्यात कमी पाहिली आहे. ती पाहिल्यावर कार्ड कशाला आणलं, हा प्रश्न मला पडला. तो बायकोला पडू नये म्हणून मी वायर लगेच काढली.

उद्गारचिन्ह गेलं. नेटवर्कांची यादी उघडली आणि आमची सोसायटी विंगनिहाय समोर आली. 'मेन्टेनन्स भरा' हे सेक्रेटरींचं. 'पासवर्ड विचारू नये' हे तिसऱ्या मजल्याचं. एकाने नुसतं 'व्हायरस' ठेवलंय. एक 'नवीन फोन'. तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत आहे. यादी सरकवत खालपर्यंत गेलो. त्यात आमचं नव्हतं.

माझ्या फोनवर दिसत होतं. आईच्या फोनवर दिसत होतं. कार्डाला सेक्रेटरी दिसत होते, मी दिसत नव्हतो.

या ठिकाणी मुलगाही गप्प झाला, आणि उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा चॅनलांत वाटलेला असतो, एकेक चॅनल 5 मेगाहर्ट्झवर. पण एका नेटवर्कला साधारण 20 मेगाहर्ट्झ जागा लागते, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न जाणारी चॅनलं तीनच: 1, 6 आणि 11. आख्खी सोसायटी या तिघांवर दाटीवाटीने बसली होती. आमचा राउटर 'ऑटो'वर. त्याने गर्दी बघितली आणि समंजसपणे कडेला जाऊन 13 व्या चॅनलवर बसला. भारतात ते चालतं. अमेरिकेत राउटर आणि कार्डं 11 वर थांबतात, आणि आमच्या कार्डाला कारखान्यातून अमेरिकी शिस्त लावून पाठवलं होतं. 12 आणि 13 त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. राउटरवरचं 5 गिगाहर्ट्झवालं नेटवर्क तरी दिसायला हवं होतं, पण ते भिंतींपुढे लवकर हात टेकतं आणि आईच्या खोलीच्या त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हतं.

"आई, तेराव्यामुळे अडलं होतं सगळं," मी उत्साहाने सांगायला गेलो.

"गप रे! सणासुदीचं काय बोलतोस!"

राउटरच्या आत शिरायला 192.168.1.1, आणि त्याचा पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर, जे भिंतीकडे तोंड करून होतं. स्टुलावर चढून, फोन फटीत घालून फोटो काढला. चॅनल 11 केलं. आमचं नाव यादीत आलं, 'मेन्टेनन्स भरा'च्या खाली, सिग्नलच्या एका कांडीसकट.

एकच कांडी. कारण कार्डाच्या त्या रुबाबदार अँटेना कॅबिनेटच्या पाठीमागे. पुढे लोखंडी कॅबिनेट, मागे भिंत, डावीकडे आईचं लोखंडी कपाट. लहरींना आत यायचं तर भिंत तरी फोडावी लागणार किंवा कपाट तरी. भरीला मायक्रोवेव्ह, तोही 2.4 गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतो. बायकोने दूध तापवायला ठेवलं की ती एक कांडीही थरथरायची. कार्ड बसवणं खरंच पाच मिनिटांचं काम असेल. त्यानंतर घर बसवावं लागतं, त्याचं दुकानदार काही बोलत नाही.

मधल्या दोन भानगडी थोडक्यात. एक, दर थोड्या वेळाने कार्ड आपसूक झोपायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी' अशी खूण आधीच केलेली असते, ती काढली. दोन, ब्लूटूथ. ते याच कार्डावर असूनही त्याला मदरबोर्डवरची यूएसबीची नऊ पिनांची जागा वेगळी लागते. आमच्याकडे ती एकच, आणि तिच्यावर कॅबिनेटच्या पुढच्या दोन यूएसबी पोर्टांची वायर. घरात मतदान झालं. झेरॉक्सवाल्याकडे नेण्याच्या पेनड्राइव्हला तीन मतं, मुलाच्या हेडफोनला एक. तो अजून या निकालाला 'घराणेशाही' म्हणतो. मी अर्थ विचारलेला नाही.

राहिला सिग्नल. त्यावर उपाय म्हणजे लांब वायरीवरची, खाली लोहचुंबक असलेली अँटेना. ती मुलाने मागवली. आता चुंबक चिकटवायला उंच आणि लोखंडी अशी जागा घरात एकच होती, आईचं कपाट. कपाटाच्या माथ्यावर बॅगा, त्यावर गाद्यांची खोळ, त्यावर छत. उरला कपाटाचा दरवाजा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात अँटेना ठेवली आणि चार कांड्या उमटल्या. तेही 5 गिगाहर्ट्झवर, जिथे दुधाचा त्रास नाही. वेग पाहून मुलाने प्रथमच माझ्याशी बरोबरीच्या नात्याने हात मिळवला.

"मी कपाट कसं उघडू?" आईने विचारलं.

उघडायचं, पण हळू. दार उघडलं की अँटेना भिंतीकडे वळते आणि कांड्या जातात. म्हणून मीटिंग चालू असताना कपाट उघडायचं नाही, असा तह झाला. आईने तो पाळलाही, म्हणजे तिच्या पद्धतीने. चतुर्थीच्या आदल्या दिवशी साहेब तिमाहीचे आकडे सांगत होते, माझा माइक चालू होता, आणि आई खुर्चीमागे येऊन म्हणाली, "तुझे साहेब थांबले की सांग. लॉकरमधून चांदीचं निरांजन काढायचंय."

साहेब नागपूरचे. थांबले. "काकू, काढून घ्या," म्हणाले. कपाट करकरलं आणि साहेब उघड्या तोंडाने पडद्यावर गोठले.

गणपती उठल्यावरच्या पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी हजेरी घेतली आणि विचारलं, "काकूंचं कपाट बंद आहे ना? सुरू करू?"

आई पलंगावर चांदी पुसत बसली होती. "साडेअकरापर्यंत आटपा म्हणावं," ती म्हणाली. "हे सगळं परत आत ठेवायचंय."