अटी असाव्यात भाऊ, पण कोणत्या?

भाऊ, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीवर आणि तिथल्यांच्या नागरिकत्वाच्या अडचणींवर मी लेख लिहिला, त्याखालच्या प्रतिक्रियेत तुम्ही मला चांगलंच झोडपलं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागरिकत्व म्हणजे रेशनची साखर नाही, ज्याला पाहिजे त्यानं ठरलेली वर्षं राहावं, भाषा शिकावी, शपथ घ्यावी. अमेरिका तर परीक्षा घेते, मग आपल्याच कायद्याच्या नावानं बोटं का मोडता?

अटींबद्दल आपला वाद नाहीच. परदेशी माणसाला अर्ज करून नागरिक व्हायचं तर १९५५ चा नागरिकत्व कायदा काय मागतो? अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षं इथला मुक्काम, चांगली वर्तणूक आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान. हे जुलमी आहे असं मी कुठं लिहिलं? भाषेचं म्हणाल, तर थंडीत अर्जुनी मोरगावला स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईशी भाव करून बघा. "काहून जी, मांगच्या सालीबी असंच बोलले होते तुमी," असं म्हणून ती तुम्हाला गप्प करेल. वसाहत १९७२ ची आहे. मुक्कामाची वर्षं केव्हाच भरली.

अडतं ते दुसरीकडंच. भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेला जन्मानंच नागरिक, मग आईबाप कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून दोघांपैकी एक तरी भारतीय लागतो. म्हणजे समजा, तिबेटहून आलेल्या जोडप्याचा थोरला १९८५ चा आणि धाकटा १९८९ चा; एकाच घरात वाढले, एकाच बांधीत रोवणं केलं, पण थोरला भारतीय आणि धाकटा परदेशी, परदेशी म्हणून मिळणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करत बसणारा. धाकट्यानं कोणती अट मोडली? मेहनतीनं पुरी होणारी अट कितीही कडक असो, मला चालेल. जन्मतारीख मात्र कोणाला बदलता येत नाही. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत बौद्ध आहेत, पण पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेले. तिबेट त्या यादीत नाही.

बरं, थोरल्यालाही सुख नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अशांना नागरिक मानलं. तरी २०१७ साली परराष्ट्र खात्यानं पासपोर्टसाठी नवीन अटी घातल्या: नोंदणी प्रमाणपत्र रद्द करा, वसाहतीत राहू नका, तिथल्या सवलती सोडल्याचं लिहून द्या. जो जन्मानंच नागरिक, त्याला घर सोडायला लावणं ही कुठली परीक्षा?

आता अमेरिका. तिथं पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं ग्रीन कार्डावर काढलेल्या माणसाला इंग्रजीची परीक्षा माफ आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. शिवाय नागरिकत्वासाठीची पाच वर्षं साधारणपणे ग्रीन कार्ड मिळाल्यावर मोजतात, आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डाला एका देशासाठी सात टक्क्यांच्या आसपास मर्यादा आहे. नागपूर-अमरावतीची इंजिनिअर पोरं वर्षानुवर्षं त्या रांगेत उभी आहेत, कारण जन्म भारतातला. त्यांच्या बाबतीत आपण सगळे अन्याय-अन्याय म्हणतो की नाही?

"त्यांनाच नागरिकत्व नको आहे" हा तुमचा शेवटचा टोला. काहींना खरंच नको आहे. परत जायची आशा आहे, भारतीय झालो तर तिबेटचा दावा ढिला पडेल अशी धास्ती आहे. तो त्यांचा निर्णय. पण ज्याला पाहिजे, त्या १९८९ च्या पोरानं अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, ते तेवढं पुढच्या प्रतिक्रियेत लिहा.