यूएसबी मीटरवरचा आकडा म्हणजे बॅटरीची क्षमता नव्हे

लग्नाच्या हंगामाआधी दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त कॅमेरा बॅटऱ्या घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. ॲडॅप्टर आणि चार्जरच्या मध्ये दोनतीनशे रुपयांचा यूएसबी मीटर लावा, रिकामी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मीटरवर जेवढे एमएएच दिसतील तेवढी तिची खरी क्षमता. छापील आकड्याच्या आसपास आलं की माल चांगला. सोबत पुरवणीही असते: फोटो मोजा, कॅमेऱ्यातली टक्केवारी बघा, वजन बघा, आणि नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करून तीनदा पूर्ण संपवा. यातला मुख्य मुद्दा साफ चूक आहे. पुरवणीतलं काही अर्धवट बरोबर आहे, तर एक गोष्ट बॅटरीच्याच मुळावर येणारी.

"मीटरवर दिसले तेवढे एमएएच बॅटरीत"

एमएएच (मिलिअँपिअर-अवर) म्हणजे प्रवाह गुणिले वेळ. तो किती व्होल्टवर मोजला हे ठाऊक नसेल तर आत किती ऊर्जा गेली ते कळत नाही. यूएसबी मीटर मोजतो ॲडॅप्टरच्या व्होल्टेजवर, साध्या ॲडॅप्टरला ५ व्होल्टवर. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅटऱ्यांत मात्र दोन लिथियम सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडलेले) असतात, म्हणून पॅक ७.२ किंवा ७.४ व्होल्टचा, आणि पूर्ण भरल्यावर ८.४ चा. चार्जरमधलं सर्किट ५ व्होल्ट वर चढवतं आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते.

आता हिशेब करू. पाठीवर २६०० एमएएच छापलेली, प्रत्यक्षात १५०० चीच असलेली बॅटरी घ्या. १.५ अँपिअर-अवर गुणिले ७.२ व्होल्ट म्हणजे १०.८ वॅट-अवर ऊर्जा. चार्जरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ॲडॅप्टरमधून १३.५ वॅट-अवर ओढले जातील. भागिले ५ व्होल्ट: २.७ अँपिअर-अवर. मीटर २७०० दाखवतो आणि ग्राहकाला वाटतं, छापल्यापेक्षा शंभर जास्तच मिळाले!

तीच बॅटरी ९ व्होल्ट मागून घेणाऱ्या जलद चार्जरवर लावली तर तोच मीटर १५०० च्या जवळपास थांबतो. तो आकडा खऱ्याशी जुळला तो केवळ ७.२ भागिले ०.८ बरोबर ९ होतात म्हणून. बॅटरी बदलली नाही, मोजण्याचं व्होल्टेज बदललं. अंगातच यूएसबी-सी पोर्ट असलेल्या बॅटऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण त्यांचं वर चढवणारं सर्किट पॅकच्या आत बसवलेलं असतं.

मीटर फेकून द्यायची गरज नाही. त्यावरचा एमएएचचा रकाना सोडून वॅट-अवरचा बघा आणि तुलना करा. कंपनीची बऱ्यापैकी नवी बॅटरी आणि दुसरी बॅटरी, दोन्ही एकाच कॅमेऱ्यात तो बंद पडेपर्यंत संपवा. मग एकाच ॲडॅप्टरवर, एकाच चार्जरच्या एकाच खाच्यात एकेक करून भरा. १६ वॅट-अवर लिहिलेल्या मूळ बॅटरीने १९ ओढले आणि दुसरीने १३, तर दुसरीत साधारण ११ वॅट-अवर आहेत. चाळणी म्हणून एवढं पुरतं.

"घरी याहून नेमकं मोजता येत नाही"

येतं, फक्त भरताना नव्हे, रिकामी करताना मोजायचं. सेलची छापील क्षमता आयईसी ६१९६० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरते तीही डिस्चार्ज करूनच: क्षमतेच्या एकपंचमांश प्रवाहाने, २० अंशांच्या आसपासच्या तापमानात, ठरलेल्या शेवटच्या व्होल्टेजपर्यंत. २००० एमएएचच्या पॅकसाठी हा प्रवाह ४०० मिलिअँपिअर, म्हणजे पाचएक तासांचं काम.

आधी बॅटरी बसवायला जागा हवी. बंद पडलेल्या सिंगल चार्जरचं सर्किट काढून टाका आणि त्याच्या धन-ऋण पट्ट्यांना ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारा डाग द्या. सोनीच्या एनपी-एफ प्रकारच्या बॅटरीसाठी तारांसकट तयार प्लेट मिळते. मधल्या टी, सी किंवा डी लिहिलेल्या पट्ट्यांना हात लावायचा नाही; त्या तापमान आणि संवादासाठी असतात. धन तारेत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. ध्रुवता मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लोड म्हणून, म्हणजे बॅटरीतून प्रवाह ओढून तो मोजायला, झेडबी२एल३ नावाचा छोटा बोर्ड पुरतो. त्यासोबत बहुधा ७.५ ओहम, ५ वॅटचे दोन रेझिस्टर येतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. एकच रेझिस्टर लावला तर ८.४ व्होल्टला १.१२ अँपिअर वाहतो आणि त्यावर ९.४ वॅट पडतात, त्याच्या कुवतीच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही सिरीजमध्ये लावा: १५ ओहम, सुरुवातीला ०.५६ अँपिअर, प्रत्येकावर अडीच वॅटच्या आत. तरीही ते चटका बसण्याइतके तापतात, म्हणून फरशीवर ठेवा, टेबलाच्या सनमायक्यावर नको. आयमॅक्स बी६ हा डिस्चार्जही करणारा चार्जर असेल तर तोही चालतो, पण त्याची डिस्चार्जची मर्यादा ५ वॅट आहे. स्क्रीनवर १ अँपिअर निवडला तरी ७ व्होल्टला तो ०.७ च्या वर जात नाही.

बॅटरी तिच्या चार्जरवर पूर्ण भरा, तासभर राहू द्या, मग व्होल्टेज मोजा. ८.३ ते ८.४ दिसलं पाहिजे. ८.२ च्या खाली असेल तर चाचणी सुरूच करू नका. एक तर चार्जर लवकर थांबतो (सेलमागे ४.१ व्होल्टवर थांबला तर दहाएक टक्के क्षमता तिथेच जाते), नाहीतर दोन सेल एकमेकांशी जुळत नाहीत. चार्जर बदलून पाहिला की दोष कुठे ते कळतं.

बोर्डवर कट-ऑफ (डिस्चार्ज जिथे थांबतो ते व्होल्टेज) ६.० व्होल्ट ठेवा, म्हणजे सेलमागे ३. सुरू करा आणि घर सोडून जाऊ नका. फुगलेला पॅक चाचणीला घ्यायचाच नाही. शेवटी दिसणारे अँपिअर-अवर थेट छापील आकड्याशी ताडता येतात, कारण दोन्ही पॅकच्याच व्होल्टेजवरचे आहेत.

चुका होतात त्या बहुतेक तारांत. संपर्काचा आणि तारांचा मिळून ०.३ ओहम रोध असला तर अर्ध्या अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच पडतात. बोर्डाला बॅटरी आहे त्याहून रिकामी दिसते आणि तो लवकर थांबतो. म्हणून डिस्चार्ज चालू असताना बॅटरीच्या पट्ट्यांवर मल्टिमीटर धरून बोर्डच्या आकड्याशी ताडा. पुरवठा ६.८-७ व्होल्टवरच अचानक तुटला तर मात्र दोष तारांचा नसतो. बहुधा एक सेल दुसऱ्याआधी तळाला गेलेला असतो आणि संरक्षण सर्किटने पॅक बंद केलेला असतो. दोन सेलच्या मधली तार बाहेर आलेली नसते, त्यामुळे बाहेरून तो समतोल साधता येत नाही. असा पॅक परत करावा.

चाचणी दोनदा घ्या आणि दुसरा आकडा धरा. छापल्याच्या ९५ टक्के मिळाले तर विक्रेता प्रामाणिक. ८५ पर्यंत स्वस्त मालात चालवून घेता येईल. ८० च्या खाली आलं की आमच्या मते परत करायला संकोच नको.

"जास्त एमएएच छापलेली बॅटरी जास्त चालते"

विकत घेण्याआधी दोन गोष्टी फुकटात तपासता येतात. पहिली, लेबलवरचा गुणाकार: ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच लिहून शेजारी १९ वॅट-अवर छापले असतील, तर गुणाकार १४.८ येतो आणि लेबलच खोटं ठरतं. दुसरी, आत मावतं किती. एनपी-एफ५५० आकारात १८६५० प्रकारचे (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, नळकांड्यासारखे) दोन सेल सिरीजमध्ये बसतात आणि सिरीजमध्ये एमएएचची बेरीज होत नाही. बाजारातला उत्तम १८६५० सेल ३५०० च्या आसपासचा. त्यामुळे या आकारावर ४४०० किंवा ५२०० छापलं असेल तर कुणीतरी दोन सेलची बेरीज केली आहे. कॅननने स्वतः आपल्या एलपी-ई६ बॅटरीच्या त्याच खोक्यात १८०० वरून १८६५ आणि २०२० मध्ये एलपी-ई६एनएचला २१३० गाठले. त्याच खोक्यात २६०० चा दावा असेल तर तो लोडवर सिद्ध व्हावा लागेल.

"फोटो मोजा, टक्केवारी बघा"

फोटोंची संख्या स्क्रीन, फ्लॅश, स्टॅबिलायझर आणि फोकस यांच्यावर हलते. कंपन्यांचा आकडा सीपा या जपानी कॅमेरा उद्योगसंघटनेच्या पद्धतीचा असतो: दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, मधूनमधून कॅमेरा बंद-चालू. हळदीत बर्स्ट मारणाऱ्याला तो लागूच नाही. कॅमेऱ्यातच तुलना करायची तर व्हिडिओ सलग चालवा: तोच कॅमेरा, तीच लेन्स, ऑटोफोकस आणि वाय-फाय बंद, स्क्रीनचा उजेड ठरलेला. या चाचणीत लोडवर न दिसणारी एक गोष्ट कळते. अंतर्गत रोध जास्त असलेला सेल हळू डिस्चार्जला पूर्ण क्षमता देतो, पण कॅमेरा जास्त प्रवाह ओढू लागला की त्याचं व्होल्टेज खाली बसतं आणि आत ऊर्जा शिल्लक असतानाच कॅमेरा बंद पडतो.

टक्केवारीवरून क्षमता कळत नाही. पूर्ण भरलेली १२०० एमएएचची बॅटरीही १०० टक्केच दाखवते. काही नकलांमधली चिप नुसतं व्होल्टेज पाहून आकडा देते, म्हणून ६० वरून एकदम लाल.

"वजनावरून कळतं"

फारच हलकी असेल तर संशय रास्त. पण २२०० आणि ३५०० एमएएचच्या १८६५० सेलच्या वजनात चारपाच ग्रॅमचाच फरक असतो, तो हाताला काय कळणार?

"आठ तास चार्ज, तीनदा पूर्ण रिकामी"

ही निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातली सवय आहे. लिथियम-आयनचा चार्जर व्होल्टेज गाठून प्रवाह पुरेसा उतरला की थांबतो. पुढचे तास नुसता दिवा बघण्यात जातात. पूर्ण रिकामी करण्याने सेल झिजतो, आणि तळाला नेलेला पॅक महिनाभर तसाच पडला तर चार्जर त्याला ओळखतही नाही. मोजणीपुरती दोन चक्रं पुरे, त्यानंतर ठेवायची तर अर्धी भरून.

"बीआयएसचा नंबर आहे, म्हणजे क्षमता खरी"

बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. त्याचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आयएस १६०४६ खालचा, सुरक्षेचा. तो असायलाच हवा, पण छापलेले एमएएच आत आहेत याची हमी त्यात नाही.